पाण्याचा हिशेब : केलाँगजवळच्या घराच्या बांधकाम नोंदी

१४ सप्टेंबर २०२३, नागपूर

हिमाचल प्रदेशात, लाहौलमध्ये केलाँगच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून साधारण ३,१०० मीटर उंचीवर, माझ्या सासऱ्यांनी शेताच्या कडेची जागा आमच्या घरासाठी काढून दिली, त्याला आता दीड वर्ष झाले. त्या खोऱ्यात बांधकामाचा हंगाम मे महिन्यात सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये संपतो, आणि या वर्षीचा हंगाम बहुतांशी आमच्या हातून गेला आहे. जुलैच्या ९ आणि १० तारखेच्या अतिवृष्टीत बियास नदीने कुलू ते मनाली रस्ता ठिकठिकाणी खाऊन टाकला आणि खालून येणारे सिमेंट, सळया व मिस्त्री असे सगळेच अडकले. मातीच्या कच्च्या विटा पाडून वाळवून ठेवल्या आहेत, पायाचे खोदकाम झाले आहे, सासऱ्यांनी काही वर्षांपासून जमवलेले देवदाराचे लाकूडही वाळून तयार आहे. पण दगडी जोत्याचे काम मात्र या महिन्यातच कुठे सुरू झाले.

आज रात्री बाबा आणि मी जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून बसलो, आणि तिकडून माझे पती फोनवर होते. मेपर्यंत थांबावे, असे बाबांचे मत होते. त्यांनी ३४ वर्षे विदर्भात पूल आणि इमारती बांधल्या आहेत, आणि घाईने झालेले काम पुढे किती वर्षे पुरते ते त्यांनी पाहिले आहे. परंतु सासरच्या जुन्या घराची उत्तरेकडील भिंत झुकली आहे आणि सासूसासऱ्यांना त्या घरात यंदाच्या खेरीज आणखी एक हिवाळा काढायला लावणे मला मान्य नाही. शेवटी असे ठरले की, ज्या कामात पाणी लागते ते सारे ऑक्टोबर संपण्यापूर्वी उरकायचे, आणि थंडीचे महिने लाकूड, खिडक्या व छत या कोरड्या कामांसाठी ठेवायचे. रोहतांगची ३,९७८ मीटर उंचीची खिंड पूर्वी हिवाळ्यात महिनोन्‌महिने बंद असे; ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, म्हणूनच डिसेंबरमध्ये तिकडे सामान नेण्याचा विचार तरी करता येतो.

या वहीत रोजच्या कामाबरोबर मी पाण्याचाही हिशेब लिहिणार आहे. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. काँक्रीट, माती, लाकूड आणि छत यांपैकी कशात पाणी आहे, किती आहे आणि ते गोठण्यापूर्वी तेथून बाहेर पडणार आहे का, हे ज्या दिवशी मला सांगता येणार नाही, त्या दिवशी काम थांबवायचे.

२ ऑक्टोबर २०२३, नागपूर

आजचा दिवस खिडक्यांमध्ये गेला. नागपुरात आम्ही घराची आखणी करतो ती ऊन टाळण्यासाठी: पश्चिमेला कमी उघडी, दक्षिणेला रुंद छज्जा, आणि उन्हाळ्यात पडदे ओले करायचे. केलाँगला याच्या नेमके उलट करावे लागते. २१ डिसेंबरला भर दुपारी नागपूरचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंश वर असतो, तर केलाँगला तो जेमतेम ३४ अंशांपर्यंत चढतो. म्हणून मोठ्या खिडक्या सगळ्या दक्षिणेला आहेत, छज्जा अगदी आखूड आहे, आणि उत्तरेला एक लहानसा झरोका सोडला तर काहीच नाही.

दुहेरी काचेच्या कारखान्यातच बंद करून मिळणाऱ्या तावदानांचा भाव मी हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत काढला होता आणि रक्कमही बाजूला ठेवली होती. आज आकडे मांडल्यावर तो बेत सोडून दिला. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. येथे दोन काचांमध्ये कोंडलेली हवा येथल्या दाबाची असते, आणि केलाँगला बाहेरच्या हवेचा दाब येथल्या दाबाच्या सुमारे ७० टक्केच राहतो. अशी तावदाने घाट चढताना आतून फुगतात. काच तडकते किंवा कडेचा सील सुटतो, आणि सील सुटला की आत बाष्प शिरून तेथेच गोठते. दाब समान करणारी बारीक नळी बसवून देणारे कारखाने आहेत, पण येथल्या पुरवठादाराकडे ती सोय नव्हती. म्हणून आता प्रत्येक खिडकीला दोन स्वतंत्र झडपा असतील, एक बाहेरची आणि एक आतली, मध्ये चार इंचांचे अंतर. आतली झडप घट्ट बसेल, बाहेरची किंचित सैल, म्हणजे मधले बाष्प बाहेर निघून जाईल. सुतारकाकांनी इतवारीतील त्यांच्या कारखान्यात सागवानाचा एक नमुना करून दाखवायचे कबूल केले आहे.

११ ऑक्टोबर २०२३, केलाँग

पायाच्या खोलीविषयी उन्हाळ्यात माझा आणि सासऱ्यांचा जो संवाद झाला, तो लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण आज जोत्याची शेवटची दगडी रांग बसली आणि पाया आता मातीखाली गेला आहे. जमीन किती खोलवर गोठते, असे मी त्यांना विचारले होते. त्यांनी मला घरामागच्या बटाट्याच्या खड्ड्याकडे नेले. पुढच्या वर्षीचे बियाणे ते हिवाळ्यात त्या खड्ड्यात पुरून ठेवतात. वरचा थर तीन फुटांचा असेल तर कडाक्याच्या वर्षी बटाटा काळा पडतो, साडेतीन फुटांखाली कधीही नाही, हा त्यांच्या घरचा अनुभव आहे. आम्ही पाया साडेचार फूट खोल नेला.

नागपूरच्या माणसाला हा धोका समजायला अवघड जाऊ नये. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या हलक्या भिंतींना उचलते व सोडते. म्हणूनच रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या पाइलांची, म्हणजे जमिनीत खोल जाणाऱ्या खांबांची, पद्धत विकसित केली आणि बाबांनी ती आयुष्यभर वापरली. येथे माती स्वतः फुगत नाही. बारीक गाळाची माती खालचे पाणी केशाकर्षणाने वर ओढते, ते पाणी गोठणाऱ्या थरात भिंगासारख्या चकत्या होऊन साठत जाते, आणि त्या चकत्या वरचे बांधकाम उचलतात. पाणी तोडले की उचलणे थांबते. म्हणून पायाच्या बाहेरच्या बाजूला फूटभर रुंदीचा केवळ गोट्यांचा भराव केला आहे, त्यातून पाणी वर चढू शकत नाही, आणि तळाशी उताराकडे जाणारी चर आहे. बाबांना फोनवर हे सांगितल्यावर ते म्हणाले, “अगं, म्हणजे आपलीच काळी माती, फक्त ऋतू बदलला.”

२२ ऑक्टोबर २०२३, केलाँग

जोत्यावरचा काँक्रीटचा पट्टा आज ओतला. १९०५ सालच्या ४ एप्रिलला कांगड्याला झालेल्या भूकंपाची आठवण या राज्यात अजून ताजी आहे, आणि दगडी जोते एकसंध बांधून ठेवणारा हा पट्टा मेपर्यंत लांबवणे शक्य नव्हते, कारण लाकडी सांगाड्याचे पाय त्याच्यातच रोवायचे आहेत. एकूण काम दोन घनमीटरचे, म्हणजे नागपुरात एका सकाळचे.

पाच अंशांखालील काँक्रीटकामासाठी आणि ४० अंशांवरील कामासाठी भारतीय मानक एकच आहे, आय. एस. ७८६१, पहिला भाग उष्ण हवेचा, दुसरा थंड हवेचा. पहिला भाग मला जवळजवळ पाठ आहे. मेमध्ये आम्ही गिट्टीवर पाणी मारतो, मिश्रणाच्या पाण्यात बर्फ टाकतो, पहाटे चारला काम सुरू करतो आणि ओल्या बारदानाने सारे झाकून ठेवतो. आज बर्फ टाकणाऱ्या त्याच हातांनी पाणी तापवले.

हिशेब असा मांडला. एका घनमीटरला १,८०० किलो रेती व गिट्टी ४ अंशांवर, ३५० किलो सिमेंट ६ अंशांवर आणि १७५ किलो पाणी. वजनाने पाणी केवळ साडेसात टक्के आहे, पण दगडाची आणि सिमेंटची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या जेमतेम २२ टक्के असते, त्यामुळे मिश्रणातील उष्णतेचा चौथ्या भागाहून अधिक वाटा पाण्याच्या हाती असतो. पाणी ६० अंशांचे असेल तर मिश्रण सुमारे १९ अंशांवर येते, आणि घमेल्यातून साच्यात जाईपर्यंत १५ तरी उरते. याहून गरम पाणी सिमेंटला थेट लागले तर ते क्षणात आवळून बसते, म्हणून आधी गिट्टी व रेतीत पाणी फिरवले आणि सिमेंट शेवटी टाकले. गोठलेली ढेकळे राहू नयेत यासाठी रेतीचा ढीग एका जाड लोखंडी नळकांड्यावर रचला होता आणि नळकांड्यात लाकडे पेटवली होती. ही युक्ती येथल्या मिस्त्रींची आहे, मी फक्त रेतीतले तापमान मोजत राहिले.

सिमेंटच्या बाबतीत मी ठाम राहिले. नागपुरात कोराडी आणि खापरखेड्याची राख मिसळलेले सिमेंट आम्ही आवडीने वापरतो, कारण ते सावकाश तापते. येथे तोच गुण दोष ठरतो. साधे ५३ ग्रेडचे सिमेंट घेतले, कारण त्याची स्वतःची उष्णता लवकर बाहेर येते, आणि सूक्ष्म बुडबुडे धरणारे द्रव्य मिसळले, म्हणजे पुढच्या हिवाळ्यांत आतल्या पाण्याला फुगायला जागा राहील. कॅल्शियम क्लोराईड टाकून काम लवकर आवळून घेण्याचा सल्ला दोघांनी दिला. त्याने सळया गंजतात, म्हणून तो घेतला नाही.

काँक्रीटने साधारण ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतकी ताकद धरली की एखाद्या वेळच्या गोठण्याने ते फुटत नाही. त्यासाठी १० अंशांवर सुमारे ४८ तास लागतात. पट्ट्यावर कोरडे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, हातभर जाड पसरले, त्यावर ताडपत्री, त्यावर दगड. थंडीत वरून पाणी मारायचे नाही, ही गोष्ट मिस्त्रींना सांगताना मला स्वतःलाच दोनदा सांगावी लागली.

पुढे ताकद तपासण्यासाठी याच मिश्रणाचे चार क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, भरले. तीन पट्ट्याजवळ त्याच कुटाराखाली ठेवले आणि चौथा मुद्दाम पहिल्या रात्री उघड्यावर ठेवला.

२३ ऑक्टोबर २०२३, केलाँग

पहाटे ३ वाजता हवा उणे ५, ताडपत्रीखाली ११. सकाळी ७ ला हवा उणे ३, खाली ९. झोप नाही.

२४ ऑक्टोबर २०२३, केलाँग

आज दसरा. रात्री दोनच्या सुमारास भागा नदीच्या बाजूने वारा उठला आणि ईशान्य कोपऱ्यावरची ताडपत्री उडाली. त्या वेळी आम्ही दोघेही पलीकडच्या टोकाला तापमान घेत होतो, आणि कोपरा उघडा पडल्याचे दिवस उजाडल्यावर कळले. पृष्ठभागावर पक्ष्याच्या पिसांसारखे नाजूक ठसे उमटले होते. ते फार सुंदर दिसत होते. बर्फाच्या स्फटिकांनी ओल्या सिमेंटमध्ये आपला आकार कोरला होता, आणि नखाने खरवडताच अर्ध्या इंचापर्यंत भुसा निघाला.

वरचा थर काढून नवीन गिलावा करू, असे मिस्त्री म्हणाले. तो गिलावा खालच्या मेलेल्या काँक्रीटला धरून राहणार नाही, आणि तो कोपरा तर पट्ट्याचा सांधा आहे. दीड मीटर पट्टा फोडला, सळया घासून स्वच्छ केल्या आणि दुपारी पुन्हा ओतला. माझ्या पतींनी सोन्याची म्हणून येथल्याच एका झुडपाची पाने आणून माझ्या हातात ठेवली, तेव्हा माझे हात सिमेंटने भरलेले होते.

१८ नोव्हेंबर २०२३, नागपूर

दिवाळी आटोपली. सुतारकाकांनी सहा खिडक्यांच्या बारा झडपा केल्या आहेत. बल्लारशाहच्या आगारातील सागवान त्यांनी दोन वर्षे छपराखाली ठेवलेले होते, त्यामुळे काळजी उरलेल्या ओलीची नाही. केलाँगची हवा हिवाळ्यात इतकी कोरडी आणि खोलीतली हवा तंदूर, म्हणजे खोली तापवणारी शेगडी, पेटल्यावर इतकी उष्ण होते की झडप आतून आकसेल आणि बाहेरून नाही, आणि ती वाकेल. सुतारकाकांनी फळी एकसंध न ठेवता चौकटीच्या खाचेत सैल बसवली, म्हणजे तिला हलायला जागा राहते. सांधे कूस आणि खाच यांचे, वर लाकडी खुंटी. डिंक फक्त येथे लावायचा, तिकडे एक थेंबही नाही, कारण उणे तापमानात तो धरत नाही. प्रत्येक झडपेवर त्यांनी छिन्नीने आकडा कोरला, कारण खडूचा आकडा घाटात पुसला जाईल.

३ डिसेंबर २०२३, नागपूर

ट्रक भरून निघाला. ७ तारखेला हिवाळी अधिवेशन सुरू झाल्यावर शहरात अवजड वाहन आणणे कठीण होते, म्हणून चार दिवस आधी काढला. पहाटे इतवारीतून निघताना सुतारकाकांच्या अंगावर शाल होती आणि ते थंडी वाजते म्हणत होते. मी त्यांना तिकडचे तापमान सांगितले नाही.

१६ डिसेंबर २०२३, केलाँग

सांगाडा उभा राहिला. देवदाराचे खांब, खाली व वर तुळया, प्रत्येक कप्प्यात तिरके आडवे, आणि मधल्या जागेत मेमध्ये कच्च्या विटा बसतील. चिखल आज लावला तर तो वाळण्याआधी गोठेल, आणि उन्हाळ्यात भुगा होऊन पडेल, म्हणून भिंती यंदा फक्त फळ्यांनी दुतर्फा बंद करून मध्ये कोरडे कुटार ठासले आहे. हे आमच्या नकाशात नव्हते. सासऱ्यांनी सुचवले, आणि मी रात्रभर त्याचा आगीच्या दृष्टीने विचार करून तंदूराची खोली सोडून इतरत्र मान्य केले. तंदूराच्या खोलीत फळ्यांऐवजी विटा कोरड्याच रचल्या.

सकाळी उणे ११. उघड्या हाताने लोखंड धरले तर त्वचा चिकटते. ड्रिलची बॅटरी तासाभरात मान टाकते, म्हणून दोन बॅटऱ्या कायम कोटाच्या आत ठेवतो. ओळंबा चालतो, लेव्हलनळी चालत नाही. तिच्यात आता पाण्याऐवजी गाडीचे कूलंट भरले आहे. कामाचे खरे तास अकरा ते तीन. नागपूरला मेमध्ये आम्ही याच तासांत काम बंद ठेवतो.

२८ डिसेंबर २०२३, केलाँग

छताचा वाद मिटला. या खोऱ्यातील जुनी घरे सपाट मातीच्या छताची आहेत, आणि बर्फ पडला की घरातली माणसे वर चढून तो ढकलतात. सासऱ्यांच्या मते ज्या छतावर उभे राहता येत नाही ते छत आपले नसते. मला उतरते पत्र्याचे हवे होते, कारण आम्ही दोघे वर्षातले काही महिने नागपुरात असू आणि फावडे चालवायला वृद्ध माणसेच मागे राहतील. ताजा बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास असतो, पण दबून बसलेला तीनशेपर्यंत जातो. चार फूट दबलेला बर्फ म्हणजे चौरस मीटरला ३६० किलोच्या वर. नागपुरात ज्या गच्चीवर माणसे वावरतात तिला आम्ही १५० किलो धरतो. हे आकडे त्यांच्यासमोर ठेवले, तेव्हा त्यांनी एकच अट घातली की पत्र्यावरून घसरणारा बर्फ दाराच्या बाजूला पडता कामा नये. ती अट माझ्या नकाशाने पाळली नव्हती. दार पूर्वेच्या त्रिकोणी भिंतीत हलवले.

२१ जानेवारी २०२४, नागपूर

संक्रांत होऊन गेली तरी केलाँगला बर्फ नाही. संपूर्ण हिमाचलात हा जानेवारी कोरडा गेला आहे. येथे भेटणारे लोक म्हणतात, बरे झाले, काम सुखाने होईल. पण मला त्याची धास्ती वाटते. बर्फाचा थर हवा धरून ठेवतो आणि जमिनीवर गोधडीसारखा काम करतो. तो नसला की उणे १४ अंशांची रात्र थेट मातीवर बसते आणि गोठण्याची रेघ रोज खाली सरकते. बटाट्याच्या खड्ड्याचा साडेतीन फुटांचा नियम बर्फ पडणाऱ्या वर्षांचा आहे.

माझ्या पतींना फोन करून उरलेले सगळे कुटार आणि गवताच्या पेंढ्या जोत्याभोवती चार फुटांच्या पट्ट्यात पसरायला सांगितले. गुरांचा चारा असा वापरावा लागल्याबद्दल सासऱ्यांना वाईट वाटले असणार. ते काही बोलले नाहीत, स्वतःच पेंढ्या वाहून आणू लागले. खड्ड्यातला एक बटाटा काढून पाहिला, तो चांगला आहे. दर आठवड्याला एक काढायचा असे ठरले.

२ फेब्रुवारी २०२४, नागपूर

परवापासून बर्फ पडतो आहे. जोत्याभोवतीच्या गवतावर अडीच फूट. आज रात्री झोपेन.

१६ मार्च २०२४, केलाँग

महिन्याच्या सुरुवातीच्या मोठ्या हिमवर्षावानंतर रस्ता मोकळा झाला आणि काल पोहोचले. फेब्रुवारीत तंदूराच्या खोलीत काम करताना माझ्या पतींना एका उन्हाच्या सकाळी छतातून पाणी गळताना दिसले. वर बर्फ होता, पण पत्र्याचा एकही स्क्रू सैल नव्हता. मी आज माळ्यावर चढून पाहिले. पत्र्याच्या आतल्या अंगाला पांढऱ्या दवाचा थर आहे. खोलीत चहाची किटली दिवसभर उकळते, माणसे श्वास घेतात, ते बाष्प फळ्यांच्या फटींतून वर जाते आणि थंड पत्र्यावर गोठते. ऊन चढले की ते सगळे एकदम खाली येते. नागपुरात बंद खोलीत कूलर लावला की कपाटामागे जी ओल धरते, तिचेच हे रूप. चूक माझी आहे: छताखाली बाष्प अडवणारा प्लास्टिकचा थर मी मेसाठी ठेवला होता, आणि माळ्याला दोन्ही टोकांना वारा मोकळा ठेवला नव्हता. आज दोन्ही त्रिकोणी भिंतींतील एकेक फळी काढली.

जोत्याच्या चारही कोपऱ्यांच्या पातळ्या घेतल्या. तीन ऑक्टोबरच्याच आहेत. वायव्य कोपरा ३ मिलिमीटर वर आहे. तेथे पेंढ्या कमी पडल्या होत्या. माती पूर्ण वितळल्यावर, मेच्या अखेरीस, तो किती खाली बसतो ते पाहूनच त्या बाजूच्या विटा बसवायच्या.

२७ मार्च २०२४, नागपूर

क्यूब ऑक्टोबरपासून तिकडेच ठेवले होते. बाबा तेव्हाच नागपूरला आणायला सांगत होते, पण येथल्या उबेत ते भराभर पिकले असते आणि त्यांनी दिलेला आकडा त्या पट्ट्याचा राहिला नसता. पाच महिने त्याच थंडीत राहिल्यावर आता चारही क्यूब, प्रत्येकी आठ किलोचा, रेल्वेने आणले. आज प्रयोगशाळेत बाबा सोबत आले होते. झाकलेले तीन अनुक्रमे २६.१, २५.४ आणि २४.८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला फुटले. आम्हाला २० हवे होते. पहिल्या रात्री उघड्यावर राहिलेला चौथा १३.२ ला फुटला.

त्या चौथ्याचे तुकडे बाबांनी गोळा केले आणि खिडकीजवळ नेऊन उन्हात बराच वेळ पाहिले. गिट्टीच्या खड्यांवर, जेथे सिमेंट धरलेच नव्हते, तेथे बर्फाच्या बारीक सुयांचे ठसे होते. बाहेर ३८ अंश होते. त्यांनी एक तुकडा रुमालात बांधून घेतला आणि मेमध्ये मातीच्या विटा बसवायला ते स्वतः येणार आहेत, असे प्रयोगशाळेच्या पायऱ्या उतरताना सांगितले.